घाटवाल्याची प्रतिक्रिया

तेजलनं तिसऱ्यांदा रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तिसऱ्यांदा बंद केलं.

‘नमस्कार मंडळी’ हे दादाचं वाक्य होतं. ते तिच्या तोंडून निघेना.

शेवटी ती साधंच बोलली. “मी तेजल. धम्मदीपची बहीण. दादा गेल्या महिन्यात गेला. ‘शून्यतळ’ या मालिकेच्या आधीची गोष्ट सांगणारी नवी मालिका आज सुरू झाली. तिचा पहिला भाग तो तुम्हाला दाखवणार होता, त्यावर बोलणार होता. त्याच्याऐवजी मी बोलते. चुकलं तर सांभाळून घ्या.”

लोणावळ्यात वलवणच्या या दोन खोल्यांच्या घरातून धम्मदीपनं चार वर्षं चॅनल चालवलं होतं. अवकाशातल्या मालिका बघायच्या आणि त्यावर मराठीत बोलायचं. त्यासाठी त्यानं नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडली. त्या दिवसापासून वडील, बाजीराव, मुलाशी बोलायचे बंद झाले. तीस वर्षं घाटात रेल्वेच्या रुळांवर राबलेला माणूस. नोकरी अशी सोडून द्यायची असते, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. एका घरात राहून निरोप बायकोमार्फत जायचे. “चंपा, त्याला म्हनावं गॅस संपलाय.” धम्मदीपही आईलाच सांगायचा, “आणतो म्हणावं.”

मग कामशेतच्या पुढे त्याच्या गाडीला टेम्पोनं उडवलं. 

भाग सुरू झाल्यावर चंपाबाई पदर सावरत लेकीशेजारी येऊन बसल्या. पडद्यावर एक तरुण इंजिनियर हसत हसत यानाचं दार उघडत होता.

“ह्यो तर मेलावता ना गं? धम्मा रडलावता त्या दिवशी.”

“ही आधीची गोष्ट आहे, आई. वीस वर्षांपूर्वीची.”

“म्हंजी अजून जित्ता हाय.”

“हो.”

चंपाबाई भाग संपेपर्यंत त्या मुलाकडेच बघत राहिल्या. तेजलला मालिकेबद्दल फार बोलता आलं नाही. आईचं ते बोलणं मात्र तिनं व्हिडिओत तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रतिक्रिया येऊ लागल्या. कुणाला यान आवडलं, कुणाला नवा कॅप्टन अजिबात पटला नाही. कुणी लिहिलं, पहिला भाग फार संथ आहे. पण बहुतेकांनी धम्मदीपबद्दलच लिहिलं होतं. साताऱ्याच्या प्रेरणानं लिहिलं, “काकू म्हणाल्या ते ऐकलं आणि मी पुढचं बघूच शकले नाही.”

कामावर, रिसॉर्टच्या रिसेप्शनवर, पाहुणे नसले की तेजल फोन काढून वाचत होती. तिचे डोळे एकच नाव शोधत होते. घाटवाला.

या नावानं लिहिणारा माणूस पहिल्या व्हिडिओपासून होता. एकही भाग त्यानं सोडला नव्हता. कौतुक कधीच नाही. “एवढं जड यान एवढ्या उतारावर असं थांबत नाही. बाकी ठीक.” नाहीतर, “हसण्याजोगं काही नव्हतं, तुम्ही उगाच हसलात.” धम्मदीप ते कॅमेऱ्यासमोर मोठ्यानं वाचायचा, खुशीत येऊन भांडायचा. पुढच्या व्हिडिओला घाटवाला पुन्हा हजर. “कोण रे हा?” असं तेजलनं एकदा विचारलं, तेव्हा दादा नुसता हसला होता. “असेल कुणीतरी. पण मन लावून बघतो.”

चार दिवस झाले. पाच हजार लोकांनी व्हिडिओ बघितला. घाटवाल्याचं एक अक्षर आलं नाही.

तेजलला वाईट वाटलं, मग रागच आला. चार वर्षं चुका काढल्या आणि माणूस गेल्यावर दोन शब्द लिहवत नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी बाजीराव डबा भरून कामावर निघाले. निवृत्त झाल्यापासून ते तुंगार्लीला एका बंगल्यावर दिवसपाळीला वॉचमन होते.

“आबा, दादाच्या चॅनलवर खूप लोकांनी लिहिलंय. वाचून दाखवू?”

“लिहू दे.”

“व्हिडिओ तरी बघा. आई आहे त्यात.”

“मला न्हाई त्यातलं काय कळत.” त्यांनी चपला पायात सरकवल्या. उंबऱ्याशी जरा थांबले. “तू जेवून जात जा कामाला,” एवढं बोलून ते निघून गेले.

त्या दिवशी तेजलची सुट्टी होती. तिनं ठरवलं, घाटवाल्याला आपणच लिहायचं. दादाचा शेवटचा व्हिडिओ नव्या मालिकेच्या ट्रेलरवर होता, अपघाताच्या आदल्या दिवशीचा. त्याखाली घाटवाल्यानं पहिल्यांदाच चूक काढली नव्हती, प्रश्न विचारला होता.

“पहिला भाग आला की एकटेच बघणार का?”

उत्तर दिलेलं नव्हतं.

दादा उत्तरं आधी फोनच्या नोंदवहीत लिहून ठेवायचा. शुद्धलेखनावरून लोक टोकायचे म्हणून दोनदा तपासायचा, मगच टाकायचा. तेजलनं त्याचा फोन चार्ज केला आणि शेवटची नोंद उघडली. त्या व्हिडिओवरची उत्तरं एकाखाली एक लिहिलेली होती. प्रेरणाला, नाशिकच्या एका मुलाला, आणखी दोघांना. सगळी नीट, पुस्तकी मराठीत.

सगळ्यात खाली घाटवाल्याचं नाव होतं. त्यापुढे दादानं लिहिलं होतं:

“आबा, एकटा कशाला? तुमी बसा की बाजूला.”