सतरावी ओळ

कस्टमच्या अधिकाऱ्याने यादी हातात घेतली आणि मुकुंदराव खुर्चीच्या कडेला सरकून बसले. आता फार वेळ थांबावं लागणार नव्हतं. पहिल्या पानावर कॅमेरे होते, दुसऱ्यावर लेन्स, आणि दुसऱ्या पानाच्या सतराव्या ओळीत एक चूक. ती कुठे आहे हे मुकुंदरावांना पक्कं ठाऊक होतं, कारण ती त्यांनी स्वतःच केली होती.

शेजारी वैदेही बसली होती, त्यांची धाकटी. तुर्कस्तानात गालिचे विणणाऱ्या बायकांवर ती माहितीपट करणार होती. चाळीस दिवसांचं काम. शूटिंगचं सामान देशाबाहेर न्यायचं तर एकेका वस्तूची यादी द्यावी लागते: नाव, वजन, किंमत, सिरीयल नंबर. हे सगळं तात्पुरतं जातंय, जसंच्या तसं परत येईल, असं लिहून द्यायचं. मुकुंदरावांना हा नियम भलताच आवडला. ट्रायपॉड घरी परत यावा म्हणून सरकार केवढी काळजी घेतं! पोटच्या पोरांसाठी मात्र असला फॉर्म अजून निघालेला नाही. थोरला अभिमन्यू सहा महिन्यांसाठी म्हणून कॅनडाला गेला, त्याला आता नववं वर्ष लागलं. दर दिवाळीला तो फोनवर "बाबा, तब्येत कशी आहे?" असं विचारतो, आणि उत्तर यायच्या आत त्याची मीटिंग सुरू होते.

म्हणून यादीचं काम मुकुंदरावांनी अंगावर घेतलं. नाही कोण म्हणणार? एकतीस वर्षं त्यांनी जकात नाक्यावर कारकुनी केली होती, आणि त्यांच्या हातून एकही चुकीचा कागद पुढे सरकला नव्हता. ड्रायव्हर हातापाया पडायचे, चहा मागवायचे. मुकुंदराव चहा घेत नसत आणि गाडीही सोडत नसत. पुढे जकात बंद झाली, नाका पाडला, तिथे आता मोमोजची गाडी लागते. मुकुंदराव मात्र होते तसेच राहिले. आठवडाभर भिंग घेऊन ते लेन्सवरचे बारीक आकडे वाचत बसले आणि वैदेहीच्या लॅपटॉपवर एका बोटाने टाइप करत राहिले. चाळीस वस्तू, एकूण एक बरोबर. फक्त सतराव्या ओळीत तीनच्या जागी त्यांनी आठ दाबला. आयुष्यातली पहिली चूक त्यांनी इतक्या निगुतीने केली की चष्मा पुसून दोनदा खात्री करून घेतली.

बेत साधा होता. अधिकारी चूक पकडणार, यादी परत करणार. नवी यादी, नव्या सह्या, नवी तारीख, आणि विमान तर परवाच. पोरगी घरी राहणार आणि दोष सरकारचा. "वाईट वाटून घेऊ नकोस, सरकारी काम असंच असतं," हे वाक्य त्यांनी सकाळी आंघोळ करताना म्हणूनही बघितलं होतं. यादीच्या तीन प्रती वैदेहीने छापून आणल्या तेव्हा त्यांनी मुकाट्याने सह्या केल्या. दुसऱ्या पानाकडे बघायचा धीर मात्र त्यांना झाला नाही.

अधिकारी पस्तिशीचा होता. टेबलावर नावाची पाटी होती, उदयसिंह. त्याने दुसरं पान उघडलंच नाही. थेट शेवटची सही वाचली आणि मान वर केली.

"निंबर्गीकर? जकात नाक्यावरचे मुकुंदराव निंबर्गीकर तुमीच व्हय?"

"हो. का?"

"मी मोडनिंबच्या कोंडीबांचा पोरगा! आमच्या वडलांची गुळाची गाडी तुमी माघारी धाडली हुती की. कागदावर चौतीस ढेपा, गाडीत पस्तीस." उदयसिंहाला फार आनंद झालेला दिसत होता. "वडील अजून सांगत्यात, येक येळ देव चुकंल, पण निंबर्गीकर चुकायचा न्हाय. तुमची यादी मी काय तपासणार, साहेब?"

आणि त्याने पहिल्या प्रतीवर शिक्का मारला.

"अहो, नियमाप्रमाणे नजर तरी टाका," मुकुंदराव म्हणाले.

"लाजवू नका राव." दुसरा शिक्का.

एकतीस वर्षांच्या सचोटीचं फळ मिळायला नेमका हाच मुहूर्त सापडला होता. तो आठ आता वैदेहीबरोबर तुर्कस्तानला निघाला होता. नंबर जुळला नाही तर तिकडे सामान अडकवून ठेवतात, हे नियमांच्या कागदावरचं वाक्य त्यांनी स्वतः लाल पेनने अधोरेखित केलं होतं. पोरगी परक्या विमानतळावर एकटी उभी राहील. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. आणि ती छातीठोकपणे सांगेल, माझ्या बाबांनी केलेली यादी आहे, चूक असणंच शक्य नाही.

तिसरा शिक्का वर गेला आणि मुकुंदरावांनी उदयसिंहाचं मनगट धरलं.

"सतरावी ओळ चुकलीय. तीनच्या जागी आठ पडलाय."

"तुमच्याकडनं चूक?" उदयसिंह हसला. "चेष्टा करताय व्हय?"

"चूक नाही. मुद्दाम केलंय." वैदेहीकडे बघणं त्यांना शक्यच नव्हतं. "ही जाऊ नये म्हणून."

उदयसिंहाचं हसू गेलं. त्याने दुसरं पान काढलं, सतराव्या ओळीवर बोट ठेवलं, आकडे एकदा वाचले, पुन्हा वाचले.

"साहेब, हितं तर तीनच हाय."

"मी कालच दुरुस्त केला, बाबा," वैदेही म्हणाली. "तुम्ही सांगता की नाही, तेवढंच बघत होते."