आणखी कोणी?

"मयताला मुलं किती?" टायपिस्टनं विचारलं.

"दोन," समोरचा गृहस्थ म्हणाला. "मी आणि ही माझी बहीण."

मयत म्हणजे या दोघांचे वडील. टायपिस्टचेही तेच, पण टायपिस्टला कोणी विचारलं नव्हतं.

कचेरीबाहेर टायपिस्टांची सात टेबलं, सात मशीनं, आणि गिऱ्हाईक पाळीनं. कोणी मृत्युपत्र न करता गेला की त्याची मुलं पंधरा-वीस दिवसांत वारसांचं प्रतिज्ञापत्र करायला इथं येतात, हे टायपिस्टला एकोणीस वर्षांच्या नोंदींवरून पाठ होतं. रजा टाकता आली असती. टाकली नाही. उलट ही दोघं फाटकातून आत शिरताना दिसली, तेव्हा त्यानं आपल्या पाळीची दोन गिऱ्हाइकं शेजारच्या टेबलाला देऊन टाकली. "तब्येत बरी आहे ना तुझी?" शेजारच्यानं विचारलं होतं. टायपिस्ट या दोघांना शाळेच्या फाटकापासून दुरून ओळखत होता. ती दोघं त्याला ओळखत नव्हती.

"आणखी कोणी? औरस, अनौरस?"

भाऊ ताठ झाला. "आमच्या घराण्यात असलं काही नसतं."

"घराण्यात नसतंच, साहेब. घराबाहेर असतं. कायदा बदललाय, त्यांनाही सारखाच वाटा आहे आता, म्हणून विचारावं लागतं."

"पैसे टायपिंगचे घेता की चौकशीचे?"

"टायपिंगचे. चौकशी फुकट."

बहिणीला हसू आलं, ते तिनं खोकल्यात घातलं. एरवी समोर येईल त्या बाईला टायपिस्ट बेधडक ताई म्हणायचा. इथं जीभ अडली. "मॅडम, मिळकत सांगा," तो म्हणाला.

सांगितली भावानंच. राहतं घर. बाजारातला गाळा. "आणि बोळातल्या दोन खोल्या. तिथं कोणी म्हातारी भाडेकरू आहे, मुलगा असतो म्हणे बरोबर. वडिलांनी भाडं कधी घेतलेलं दिसत नाही. फार दयाळू होते. आता तिला काढावं लागेल."

'दोन खोल्या, भाडेकरूच्या ताब्यात,' टायपिस्टनं टाइप केलं. याच भाडेकरूनं आज सकाळी त्याच्या हातात डबा दिला होता आणि बजावलं होतं, कुणाकडे काही मागायचं नाही. हक्क मागायचा तर तिला कोर्टात उभं करून चारचौघांत नको ते प्रश्न विचारले जाणार, आणि ती तर दूधवाल्यालासुद्धा दाराची साखळी न काढता बोलायची.

"मयताची जन्मतारीख?"

भावानं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं भावाकडे.

"पाच," भाऊ म्हणाला.

"पंधरा असेल. वाढदिवस कधी करूच दिला नाही त्यांनी."

"असल्या थेरांच्या विरुद्ध होते ते. तुम्ही अंदाजे लिहा हो."

"अंदाजे चालत नाही."

"मग जागा सोडा, मागून भरू," भाऊ म्हणाला आणि फोन कानाला लावून जिन्याकडे गेला. खोल्यांना गिऱ्हाईक तयार होतं, असं जिन्यावरून ऐकू येत होतं.

टायपिस्टनं उरलेला मजकूर भराभर उतरवला. 'वरील दोन वारसांखेरीज मयताला अन्य कोणीही वारस नाही, हे आम्ही शपथेवर सांगतो.' हे वाक्य तो दिवसातून दहादा टाइप करायचा, डोळे मिटून. आजही त्यानं ते तसंच टाइप केलं. कागद ओढून काढला, कार्बन वेगळे केले आणि बहिणीपुढे ठेवला.

ती वाचत वाचत खाली आली आणि थांबली. मग पर्स उघडली, चाळली, पुन्हा चाळली. तळाशी वडिलांचं पेन्शनीचं जुनं ओळखपत्र होतं. तिनं त्यावरची जन्मतारीख पाहिली. कागद पाहिला. सोडायला सांगितलेल्या जागेत तीच तारीख होती. सत्तावीस.

ती तारीख बोटांनीच परस्पर टाइप केली, असं टायपिस्टनं शपथेवर सांगितलं असतं. पण लोक शपथेवर काय काय सांगतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

"ही तारीख आम्ही सांगितली नव्हती," ती म्हणाली.

टायपिस्ट मशीनवरची नसलेली धूळ पुसू लागला.

"वाढदिवस करायचे का ते?" तिनं आवाज अगदी खाली आणला.

"करायचे."

"आम्हाला कळलं कसं नाही?"

"दुपारी करायचे. संध्याकाळी घरी जावं लागायचं ना."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग कागदावरच्या 'भाडेकरूच्या ताब्यात' या शब्दांकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"अगं, सही केलीस का?" भाऊ जिन्यावरून ओरडला. "कचेरीची खिडकी एकला बंद होते!"

तिनं पेनाला टोपण लावलं आणि 'अन्य कोणीही वारस नाही' या ओळीवर बोट ठेवलं.

"यात खाडाखोड चालते?"

"नाही," टायपिस्ट म्हणाला. "कागद नवा घ्यावा लागतो."

"मग घ्या."

"आता काय चुकलं?" भाऊ फोन खिशात कोंबत तरातरा येत होता. स्टूल पुढं ओढून ती टेबलाशी बसली.

टायपिस्टनं तीन कोरे कागद घेतले, मध्ये कार्बन घातले, कडा ठोकून जुळवल्या आणि रोलर फिरवला. कागद वाकडा गेला. त्यानं तो काढला, पुन्हा घातला. पुन्हा वाकडा.