फाटकावरचा फोटो

झिव्का कोंबड्यांना दाणे टाकून पुढच्या अंगणात आली, तर फाटकाशी शेजारची पेंका आजी काळा रुमाल बांधून रडत उभी. हातात साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हांची वाटी, मेलेल्याच्या नावानं वाटतात तशी. झिव्काला बघताच तिनं झटकन क्रुसाची खूण केली.

"अगं बाई! तू मेली नाहीस?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग हे काय?"

फाटकावर झिव्काचाच फोटो होता, काळा-पांढरा, खाली ठळक नाव. रंगीत छपाईचं यंत्र बिघडलं होतं म्हणून तिनं तसाच छापून घेतला, काल सकाळी चिकटवला आणि प्रचाराला शेजारच्या गावी निघून गेली, ती रात्री उशिराच परतली. डॅन्यूबकाठच्या या गावात माणूस गेलं की असाच कागद त्याच्या फाटकावर लागतो. जन्म इथं काढूनही तिच्या ते ध्यानात आलं नाही. आता तिला स्वतःचाच राग आला.

"आजी, खालचं वाच ना! जागतिक लोकसंसदेची उमेदवार. रविवारी मतदान आहे."

"चष्म्याशिवाय मला फोटोच दिसतो. सगळ्यांना तेवढाच दिसला."

या संसदेत सरकारांची माणसं नसणार होती. जगभरच्या साध्या लोकांनी आपल्यातलीच माणसं निवडून पाठवायची, आणि तीही पहिल्यांदाच. झिव्काचं मागणं एकच होतं: नदी. ती कितीतरी देशांची घाण घेऊन येते, मासे इथं मरतात, आणि तक्रार घेऊन गेलं की जो तो दुसऱ्या देशाकडे बोट दाखवतो. महिनाभर ती दारोदार हेच सांगत फिरली. लोक हसले. "निघाली जग सुधारायला," असं पेंका आजीसुद्धा म्हणाली होती.

"काल चौकात सगळे जमले होते," आजी डोळे पुसत म्हणाली. "तो कुचका पेत्कोसुद्धा रडला गं. म्हणाला, नदीसाठी भांडणारी एकच होती, तीही गेली. आता मत तिलाच देऊ, तेवढं तरी करू."

"थांब, आत्ता जाऊन सांगते, मी आहे म्हणून."

झिव्कानं कडीला हात घातला. गल्लीच्या टोकाशी काळे रुमाल बांधलेल्या तिघी-चौघी वळताना दिसत होत्या. आजीनं फाटक बाहेरून दाबून धरलं.

"वेडी आहेस का? तू दिसलीस की परत हसायला लागतील. रविवारपर्यंत घरात बस."

झिव्कानं कडी सोडली. मग, नदीसाठी, असं स्वतःलाच सांगत ती आत गेली आणि तिनं पडदे ओढून घेतले.

बाहेर आजीनं पुन्हा मोठ्यानं गळा काढला.