सत्त्याऐंशी नंबरचा फॉर्म

सत्त्याऐंशी नंबरचा फॉर्म तिनं तिसऱ्यांदा वाचला. झोप : दोन ते अडीच तास. झोपेची गोळी : हो. सकाळी ताजंतवानं वाटतं का : नाही. गेल्या परीक्षेतले मार्क : रकाना कोरा. अगदी शेवटी, 'आणखी काही सांगायचंय?' याच्याखाली, काहीतरी लिहून खोडलं होतं. कागद उजेडाकडे धरला तेव्हा एवढंच लागलं : 'सकाळ होऊच नये असं'.

ती मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होती. वर्गातल्यांची झोप आणि त्यांचे मार्क यांचा काही मेळ लागतो का, हे पाहायचा तिचा प्रकल्प. नाव लिहायचं नाही, फॉर्म मेडिसिन विभागाच्या दाराशी ठेवलेल्या पेटीत टाकायचा, हे तिनंच ठरवलेलं. पेटी उघडल्यावर तिनं फॉर्मांवर नंबर घातले. भरले एकशे एकोणीस. वर्गात मुलं एकशे अठरा.

"आधी झोप काढ, मग मोजायला बस," रूममेट म्हणाली.

ती फॉर्म घेऊन मेडिसिनच्या सरांकडे गेली. ते तिचे मार्गदर्शक. कडक इस्त्रीचा कोट, सातच्या ठोक्याला वॉर्डात हजर. नर्स त्यांच्यावरून घड्याळ लावायच्या. त्यांनी फॉर्म पाहिला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. नाव नको असं तूच सांगितलंस, म्हणाले, मग आता शोधत बसू नकोस.

"आणि त्यानं जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर, सर?"

सरांनी उलट्या फॉर्मची कड टेबलाच्या कडेशी जुळवली. मग म्हणाले, "सापडला तर काय विचारशील त्याला?"

तिनं फॉर्म उचलला. ती चडफडत बाहेर पडली.

वर्गात ती आता फळ्याऐवजी चेहरे वाचू लागली. पहिल्या बाकावरचा 'पोपट', पानंच्या पानं घडाघडा म्हणणारा, लागोपाठ दोन चाचण्यांत आपटला होता. कँटीनमध्ये तिनं त्याला गाठलं, आडून आडून विचारलं. तो कानापर्यंत लाल झाला.

"मार्क पडले कारण मीच पडलोय," तो म्हणाला. "प्रेमात."

मग जिन्यात फोनवर रडणारी एक मुलगी. तिच्या आईचं ऑपरेशन होतं; ते नीट पार पडलं होतं. आणखी तिघांना तिनं असंच चाचपून पाहिलं. कुणी सिरियल बघत जागत होतं, कुणाच्या खोलीतला सोबती घोरत होता. सगळे वैतागलेले होते, पण सकाळ नको असलेला त्यांत कुणी नव्हता.

या सगळ्यात तिचीच झोप उडाली. डोळा लागला न लागला तोच ती दचकून उठायची, अजून कोण राहिलं याचा हिशेब करायची. फार्मॅकॉलॉजीच्या चाचणीत ती आयुष्यात पहिल्यांदा नापास झाली.

सर मात्र रोज राऊंड संपला की विचारायचे, सापडला का. चौथ्या दिवशी तिचा तोल गेला. शोधू नकोस म्हणालात आणि रोज विचारताही तुम्हीच, असं ती बोलून गेली.

"सहजच," सर म्हणाले आणि पुढच्या वॉर्डात गेले.

त्या दुपारी तिनं विभागाच्या बोर्डावर कागद लावला : 'फॉर्ममध्ये शेवटी लिहून खोडलं असेल, त्यांच्यासाठी. बुधवारी चारला ग्रंथालयामागच्या खोलीत मी बसेन. नाव विचारणार नाही. काहीच विचारणार नाही.'

बुधवारी ती पावणेचारलाच जाऊन बसली. सव्वाचार झाले, साडेचार झाले. तिनं पुस्तक उघडलं, मिटलं. यायला लाज वाटली असेल, की आधीच फार उशीर झाला असेल? पाच वाजले तेव्हा ती उठली.

दार उघडलं. सर होते.

विभागाच्या बोर्डावर न विचारता कागद लावला होता. आता बोलणी खायची. ती घाईघाईनं म्हणाली, "चुकलं, सर. काढून टाकते मी तो."

"राहू दे."

त्यांनी दार लोटून घेतलं, खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले. कोटाचं बटण उगाच काढलं, लावलं.

"चार वाजल्यापासून बाहेर उभा आहे," ते म्हणाले. "आत यायला पाय उचलत नव्हता."