फिट नाही

"दाबा. अजून जोरात."

बेन्सनने डॉक्टर श्यामलाची बोटं मुठीत आवळली. उजव्या मुठीने बोटं कळवळली. डाव्या मुठीत जोरच नव्हता.

"हाताला मुंग्या कधीपासून येतात?"

"येत नाहीत."

"खोटं बोलू नका."

"अहो डॉक्टर, परवाच्या टेकला मान जरा हिसकली, एवढंच. आमच्या वसईच्या रिक्षात याहून जास्त हिसकते."

श्यामला हसली नाही. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या हॉस्पिटलात ती खाणीतली चेंगरलेली माणसं बघायची. या आठवड्यात रजा टाकून हॉलिवूडच्या शूटिंगवर डॉक्टर म्हणून आली होती. सिनेमा स्टॉक कारच्या शर्यतींचा. शेवटच्या फेरीत हिरोची गाडी पाच कोलांट्या खाते. हिरो एसी व्हॅनमध्ये कॉफी ढोसत बसला होता. कोलांट्या खायच्या होत्या स्टंट ड्रायव्हर बेन्सनने, हिरोचं हेल्मेट घालून. मरायला हा आणि पोस्टरवर तो! तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"मणक्याला मार बसलाय. गाडीत बसायचं नाही."

"एक टेक, डॉक्टर. मग घाला पट्टा मानेला. वर्षभर घाला."

"एका टेकमध्ये लुळे पडाल. मग बायकोने उचलून संडासला न्यायचं का?"

"नेईल. मेरिलला ओळखत नाही तुम्ही." तो हसायला गेला, जमलं नाही. "आज ट्रॅकवर माती फार भिजवलीये. गाडी कुठे फेकली जाईल, भरवसा नाही. इथे जुनं हाडच पाहिजे."

"दुसरं कुणी बसेल की! त्याची मान तरी धड असेल."

बेन्सनने हात जोडले. डाव्या हाताची बोटं नीट जुळेनात.

"दुसरं कुणी नको. पाया पडतो तुमच्या."

पन्नाशीचा माणूस. श्यामलाला कीव आली, संतापही आला. पुरुषांची ही खुमखुमी ती रोज टाके घालून शिवत होती.

"एवढं का अडलंय? सांगा तरी."

"शब्द दिलाय. बोलायचं नाही."

"कुणाला? त्या डायरेक्टरला?"

श्यामलाने फॉर्म ओढला, 'फिट नाही' लिहिलं आणि झोकदार सही ठोकली.

असिस्टंट डायरेक्टर तंबूच्या दारातच उभा होता. गोरा, उन्हाने भाजलेला. त्याने फॉर्म वाचला.

"नो वरीज, डॉक," तो म्हणाला आणि वॉकीटॉकीवर त्याने स्टँडबाय ड्रायव्हरला बोलावलं. एवढंच. बेन्सनकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

श्यामलाने बेन्सनच्या मानेला पट्टा बांधला. आज एक माणूस वाचवला, तिच्या मनात आलं. शिव्या घालेल आत्ता, पण पुढच्या नाताळला केक पाठवेल.

"राग आला ना? येऊ दे. जिवंत माणसालाच राग येतो."

पट्ट्यामुळे मान वळेना, म्हणून सगळं अंग वळवून तो दाराकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते.

दारात स्टँडबाय ड्रायव्हर येऊन उभी राहिली. विशीतली सावळी पोरगी, अंगात हिरोचा रेसिंग सूट, काखेत हेल्मेट.

"डॅड, शब्द पाळलास ना, आता रडू नको," ती म्हणाली. "आय विल बी फाइन."