खंडेनवमीचा बॅकअप

प्राजक्ताने आणखी एक पेन ड्राइव्ह टेबलावर आपटला. त्यातूनही कुंकूच पडलं.

"काका, तुमी बॅकअप घेत होते का पूजा करत होते?"

"दोन्ही," खुशालराव म्हणाले.

परतवाड्याच्या त्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरची डिस्क काल गेली होती आणि सोमवारी अनुदानाची तपासणी होती. कोणतं पुस्तक कपाटात आणि कोणतं कोणाकडे, हे कॉम्प्युटरवर जुळलं नाही तर अनुदान बंद, आणि मग वाचनालयाला कुलूपच. तरी ग्रंथपाल खुशालराव निर्धास्त होते, कारण बॅकअप ते दरवर्षी नेमाने घेत. फक्त घेत खंडेनवमीला, मुहूर्तावर. त्या दिवशी विळ्या-कुऱ्हाडीला हळदकुंकू लागतं, तसं ते कॉम्प्युटरला लागे आणि त्या वर्षीच्या नव्याकोऱ्या पेन ड्राइव्हलाही. भक्ती उदंड, त्यामुळे कुंकू थेट ड्राइव्हच्या तोंडात जाई. अमरावतीहून दुरुस्तीला आलेल्या प्राजक्ताने कपाळाला हात लावला.

शेवटी एकच चालला, अकरा वर्षांपूर्वीचा. त्या वर्षी पूजेच्या वेळी त्याचं टोपण काढायचं राहून गेलं होतं.

नंतरच्या नोंदी सभासदांच्या कार्डांवरून भरता येतील, पण आधी तेव्हा बाहेर गेलेली पुस्तकं जमा दाखवायला हवीत, असं प्राजक्ताने सांगितलं. ती एकेक नाव वाचू लागली. नाव आलं की खुशालरावांचा चेहरा उजळायचा. मोतीराम मास्तर भविष्याची पुस्तकं न्यायचे आणि खोटी निघाली म्हणून भांडायला यायचे. भावना स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेऊन दार बंद होईपर्यंत पायरीवर बसायची. आता ती अकोल्याला साहेब आहे. तेव्हा एका वर्तमानपत्रावर चार-चार डोकी असत. आता दिवसभर पंखा फिरतो. फार चांगले दिवस होते ते, खुशालरावांना मनापासून वाटलं.

"पार्वताबाई खुशालराव वानखडे," प्राजक्ताने वाचलं आणि तिचा हात थांबला. "काकू?"

खुशालरावांनी मान हलवली. ती पार्वताबाईंची शेवटची खंडेनवमी होती. मेळघाटातल्या पाखरांचं पुस्तक त्यांनी नेलं होतं आणि ते अर्धंच वाचून झालं होतं. दिवसकार्य आटोपल्यावर खुशालरावांनीच ते परत आणलं, स्वतःच्या हाताने जमा केलं. त्या दिवशी त्यांना रडू आलं नव्हतं.

"जमा करू, काका?"

"राहू दे. अजून वाचून राहिली ते."

प्राजक्ताने चाचरतच सांगितलं की पुस्तक तर समोरच्या कपाटात दिसतं आहे. सोमवारी तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं तेच कपाट उघडलं, तर सगळ्याच नोंदींवर संशय येईल.

ते खुशालरावांनाही कळत होतं. वाचनालय बंद पडलेलं त्यांना चालणार नव्हतं. ते उठले. कपाट उघडून त्यांनी पुस्तक काढलं, सदऱ्याच्या बाहीने धूळ पुसली आणि ते आपल्या डब्याच्या पिशवीत ठेवलं.

"आता बसला मेळ," ते म्हणाले. "पुस्तक घरीच हाय, तिच्यापाशी. चाल, पुढचं नाव सांग."