पूर्वेची भिंत

"तिसऱ्यांदा?" गंधारने विचारलं.

रेवाने मान हलवली आणि आमटी वाढली. पूर्वेच्या भिंतीला खिडकीखाली पुन्हा ओल आली होती. गवंडी व्यंकटेशला तिने फोनही करून टाकला होता. तो सकाळी नऊला येणार होता.

गंधार चेन्नईबाहेरच्या ओरगडमच्या ट्रक कारखान्यात गुणवत्ता तपासायचा. पहाटे साडेपाचला कंपनीची बस यायची, घरी परतायला साडेआठ वाजायचे, आणि शनिवारही बहुतेक कामाचेच. तांबरमजवळचं हे भाड्याचं घर रेवानेच पसंत केलं होतं. बाहेरून गिलावा नाही, नुसत्या लाल विटा. ऑक्टोबरात ईशान्येचा पाऊस आडवा झोडपू लागला तेव्हा त्या विटांचं रूप कळलं. मालक कोइमतूरला होते. त्यांनी गवंड्याचा नंबर पाठवला आणि हात झटकले.

हा व्यंकटेश तंजावरकडे पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठ्यांपैकी निघाला. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा. रेवा त्याच्याशी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये बोलू लागली तर म्हणाला, "अक्का, मराठींतच बोला कीं." फोनवर हे सांगताना रेवा हसत होती. चेन्नईत आल्यापासून ती इतकी मोकळी हसल्याचं गंधारला आठवत नव्हतं.

मग तिने कामाची रीत सांगितली. भिंतीवर बाहेरून पाइपने पाणी मारायचं. सुरुवात खालून, वरून मारलं तर पाणी ओघळतं आणि मूळ जागा सापडत नाही. एकेका पट्ट्यावर पंधरा मिनिटं धार धरायची. तेवढा वेळ कुणीतरी आत खडू घेऊन भिंतीशी बसायचं आणि ओल उमटली की हाक द्यायची.

"आत कोण बसणार?"

"मी. दुसरं कोण आहे घरात?"

त्या पहिल्या खेपेला दुसऱ्या दिवशी गंधारने रजा टाकली आणि खडू आपल्या हातात घेतला. रेवा शेजारी चहा घेऊन बसली. तिसऱ्या पट्ट्याला खिडकीखाली ओल उमटली. व्यंकटेशने तिथल्या विटांमधल्या पोकळ दरजा खरवडल्या, नव्याने भरल्या, वाळल्यावर वरून पाणी अडवणाऱ्या रसायनाचा हात दिला. काम चोख होतं. गंधारला त्यात खोट काढता आली नाही, याचंच त्याला वाईट वाटलं.

तीन आठवड्यांनी भिंत पुन्हा ओली झाली.

त्याने पुन्हा रजा टाकली. या खेपेला व्यंकटेश दिवसभर पाइप धरून उभा होता, पण आत एक थेंब आला नाही. काम लांबवण्याची ही तऱ्हा गंधारने कारखान्यात पुष्कळ पाहिली होती. त्याचं लक्ष रेवाकडेच होतं. तिने सकाळीच न्हाऊन केसांत मोगरा माळला होता. दुपारी थालीपिठं केली, वर लोणी. मार्चनंतर घरात थालीपीठ झालं नव्हतं. व्यंकटेश आपलं ताट घेऊन बाहेर पायरीवर बसला होता, गंधार आत दाराशी.

"आणखी एक घालू?" रेवाने दारात उभं राहून विचारलं. कुणाला, ते तिने म्हटलं नाही.

"नको," गंधार म्हणाला.

आता ही तिसरी खेप. रजेचा अर्ज पाहून त्याचे साहेब अरुण यांनी टोमणा मारायची संधी सोडली नाही. तुझी एक भिंत आपल्या सगळ्या प्लांटपेक्षा जास्त देखभाल मागते रे, असं त्यांनी लिहून पाठवलं.

सकाळी रेवा कोपऱ्यावर फुलं आणायला गेली तेव्हा गंधारने भिंतीवर हात ठेवला. भिंत गार होती. आठवडाभर पाऊस पडला नव्हता, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो वाकला. ओल भिंतीतून झिरपल्यासारखी नव्हती. मगातून फेकलेल्या पाण्यासारखे शिंतोडे वर उडाले होते आणि खाली ओघळ आले होते.

त्याला सगळं समजलं. ती स्वतः भिंत भिजवत होती, व्यंकटेशला बोलावून घेण्यासाठी. गंधार उठला. रेवाशी काय बोलायचं ते त्याला सुचेना. व्यंकटेशशी काय बोलायचं ते मात्र ठरलेलं होतं.

तो बाहेर आला. व्यंकटेश पाइपची गुंडाळी सोडत होता.

"आठवडाभर पाऊस नाही, तरी भिंत ओली," गंधार म्हणाला. "तुम्हाला काही वाटत नाही याचं?"

व्यंकटेशने पाइप खाली ठेवला. "वीट बाहेरून कोरडी आहे, सार. पाणी आंतूनच मारलेलें. गेल्या खेपेसही तसेंच होतें."

"तेव्हाच माहीत होतं तुला?"

"होय, सार."

"आणि तरी दिवसभर उभा राहिलास इथे."

"अक्कांनीं विनंती केली."

गंधारने घराकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. रेवा अजून दिसत नव्हती. "सामान उचल," तो म्हणाला. आवाज चढू न देण्यासाठी त्याला कष्ट पडले. "यापुढे ती बोलावो, नाहीतर पाया पडो, या दारात यायचं नाही."

व्यंकटेश रागावला नाही. त्याने पाइप शांतपणे गुंडाळून खांद्याला अडकवला.

"मीही काल फोनवर तेंच म्हटलें, सार. कोवलमला दोन घरांचें काम अडलें आहे, हें खोटें काम मला नकों. तर अक्का रडूं लागल्या. म्हणाल्या, एवढा एक डाव या. तुम्ही आलां कीं हे रजा टाकून दिवसभर घरीं राहतात."